सव्वासात हजार विजारी

मास्तर माप एकदाच घ्यायचे. गिऱ्हाईक पहिल्यांदा दुकानाची पायरी चढलं की त्याला आरशासमोर उभं करायचं, फीत टाकायची, आकडे पुटपुटत वहीत उतरवायचे, खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि वही मिटायची. मग तो माणूस दहा वर्षांनी येवो की वीस, मास्तर पुन्हा त्याच्या अंगाला फीत लावत नसत. वहीतलं पान उघडून कापड कापत. दुसऱ्यांदा माप घेणं म्हणजे पहिलं चुकलं होतं हे कबूल करणं, आणि मास्तरांच्या मते तसं आजवर घडलेलं नव्हतं.

एकदा एक वकीलसाहेब बावीस वर्षांनी आले. शिवलेली विजार त्यांच्या गुडघ्यांवर चढेना. मास्तरांनी वही त्यांच्यापुढे धरली.

"कंबर एकतीस. सही तुमची. विजार बरोबर आहे साहेब, मधल्या काळात तुम्हीच कुठेतरी चुकलाय."

वकीलसाहेबांचा जन्म दुसऱ्यांना त्यांच्या सह्या दाखवण्यात गेला होता. स्वतःची सही बघून ते निमूट विजार काखोटीला मारून गेले. हा किस्सा मास्तर रंगवून सांगत आणि ऐकणारे पोट धरून हसत. फक्त मास्तरांची बायको हसत नसे. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची. ती कोपऱ्यात काजं करत बसलेली असायची. किस्सा संपला की मान वर करून नवऱ्याकडे बघायची आणि पुन्हा काजाला लागायची.

त्या वहीच्या शेवटच्या पानावरचं माप मात्र कुठल्याच माणसाचं नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी म्हाताऱ्या जोडप्यांसाठी एक निवास उभा राहिला, आणि त्याच्या पडद्यांचं काम मास्तरांना मिळालं. खिडक्या मोजता मोजता ते एका खोलीत थबकले. तळमजला, समोर झाड, सकाळचं ऊन, भिंतीला धरायला दांडी, आणि बटण दाबलं की नर्स. मूलबाळ नव्हतं. दुकानावरच्या भाड्याच्या खोलीला एकोणीस पायऱ्या होत्या, आणि काकूचे गुडघे तेव्हापासूनच बोलायला लागले होते. मास्तरांनी विचारलं, "इथे राहायला काय पडतं?" कारकून म्हणाला, "चार लाख ठेव. एकदाच भरायची. मग दोघांना मरेपर्यंत काळजी नाही." मास्तरांनी वही काढली. खोलीची लांबी, रुंदी, खिडकीची उंची, निवासाचा पाच आकडी फोन नंबर, आणि त्याखाली: ठेव चार लाख.

पडद्यांची मजुरी आणि काकूच्या दोन बांगड्या मिळून साडेतेरा हजार जमले. ते सगळेच्या सगळे मास्तरांनी एका दोऱ्याच्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले. दलाल म्हणाला होता, थोडे इकडे घाला, थोडे तिकडे घाला. मास्तर म्हणाले, "मी एका वेळी एकच कापड कापतो." दोरा त्यांना कळत होता. माणसं कपडे घालायचं सोडत नाहीत तोवर दोरा लागणार. दलालानं हसत हसत सांगितलं, "धीर धरलात तर होतील तीसपट." मास्तरांनी तिथल्या तिथे गुणाकार केला. चार लाख पाच हजार. वरचे पाच हजार टेम्पोला.

त्या दिवसापासून मास्तरांच्या लेखी त्यांच्या म्हातारपणाचं कापड कापून झालं होतं. फक्त शिवायचं राहिलं होतं.

आता हे मान्य करायला हवं की मास्तर नशीबवान निघाले. त्याच आठवड्यात त्यांच्या मनात एक बटणांची कंपनीही भरली होती. ती सहा वर्षांत बुडाली, आणि तिच्या मालकाला पुढे कोणी पाहिलं नाही. दोऱ्याची कंपनी टिकली. नुसती टिकली नाही, वाढली. दरवर्षी लाभांशाचा छोटासा चेक यायचा आणि मास्तर त्या पैशांतून त्याच कंपनीचा दोरा आणायचे. ही गंमत त्यांना फार आवडायची. "कंपनी मला फुकट दोरा देते," ते म्हणायचे.

काकूला त्या दोऱ्यात भलतंच काही दिसायला लागलं होतं.

"अहो, हे रीळ लवकर संपतं."

"तू जास्त शिवत असशील."

"पूर्वी एका रिळात चोवीस विजारी व्हायच्या. आता सतरा होतात." तिनं दोन रिकामी रिळं टेबलावर शेजारी शेजारी उभी केली. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. मग तिनं ती आडवी करून भोकातून उजेड दाखवला. नव्या रिळाची पुठ्ठ्याची नळी बोटभर जाड झाली होती. दोरा कमी, पुठ्ठा जास्त, किंमत वर.

मास्तरांनी रीळ फिरवून फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हुशार लोक आहेत! शेअर वर जातो तो उगाच नाही."

काकूनं दोन्ही रिळं सुयांच्या डब्यात ठेवून दिली. आपला नवरा एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे टाकतोय आणि मधल्या मध्ये कोणीतरी हात घालतंय, एवढं तिला कळलं होतं. तो हात कोणाचा, हे तिला सांगता आलं नसतं.

मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला, त्याच वर्षी शेअर टिपेला पोचला. बहिणीची मुलगी शेअरदलालाच्या ऑफिसात कामाला होती. मास्तर दर सोमवारी तिच्या टेबलासमोर जाऊन बसत. त्या सोमवारी तिनं पडद्यावर बघितलं, मामाकडे बघितलं आणि म्हणाली.

"मामा, चार लाख पाच हजार झाले."

"वीक."

"एक मिनिट, माझं ऐकून तरी..."

"तीसपट झाले की नाही?"

"झाले हो. पण मामा, एकतीस वर्षं झालीयेत. तुमच्या त्या निवासात आत्ता ठेव किती आहे हे विचारलंत का?"

"विचारलंय."

"कधी?"

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांच्या कात्रीला धार आहे का असं विचारलं. "वहीत आहे."

"नंबर द्या मला. मी करते फोन."

त्यांनी वही उघडून दिली. भाचीनं तो पाच आकडी नंबर बघितला आणि हातात घेतलेला फोन खाली ठेवला. "मामा, पाच आकडी नंबर आता जगात कुठेच लागत नाही."

"मग जाऊनच येऊ. आधी पैसे हातात येऊ देत. रिकाम्या हातानं चौकशी करणारा माणूस गरजू दिसतो. तू वीक."

तिनं विकले. नोकरीच तशी होती. गिऱ्हाइकानं वीक म्हटलं की विकायचं, मग ते मामा का असेनात. पण त्या संध्याकाळी तिनं मामीला फोन केला. "मामी, पैसे जमा होईपर्यंत त्यांना कशावर सही करू देऊ नकोस." मामी म्हणाली, "अगं, ते मला विचारून कधी सही करतात?"

आणि झालंही तसंच. घरमालक आठ वर्षं मास्तरांच्या मागे लागला होता. दुकान आणि वरची खोली, दोन्हीचं भाडं इतकं जुनं होतं की ते घ्यायला येताना घरमालकालाच लाज वाटे. जागा सोडायचे तो पन्नास हजार द्यायला तयार होता. बुधवारी मास्तर स्वतः त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, तीस तारखेला किल्ल्या देतो. घरमालकानं घाईघाईनं चेकबुक काढलं. मास्तरांनी हात आडवा केला.

"पैसे ठेवा तुमचे. माझी सोय झालेली आहे. मला फक्त एक पत्र द्या: मास्तरांनी अडतीस वर्षांत एकदाही भाडं थकवलं नाही."

घरमालकानं ते पत्र इतक्या तातडीनं टाईप करून आणलं की त्यात मास्तरांच्या चारित्र्याबद्दलही दोन ओळी जास्त पडल्या. मास्तरांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि जागा सोडल्याच्या कागदावर सही केली. शुक्रवारी शिवणाची दोन्ही मशिनं विकली गेली, शनिवारी कापायचं टेबल. टेबल जिन्याजवळून वळेना तेव्हा उचलणाऱ्यांनी त्याचे पाय कापले. काकू वरच्या पायरीवर बसून बघत होती.

"अहो, एकदा विचारून तर यायचं होतं."

"घेतलेलं माप आहे ते."

"माणसाचं नाही ते. पैशाचं आहे."

"पैशाला काय पोट सुटतं?" मास्तर म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर खूष होऊन ते खाली टेबलाचे पाय मोजायला गेले.

सोमवारी भाची दोघांना गाडीतून निवासावर घेऊन गेली. वाटेत मास्तर भलतेच रंगात होते. खिडकीतून बोट दाखवत इथे अमुक होतं, तिथे तमुक होतं, असं सांगत होते. त्यांनी दाखवलेल्या ठिकाणी काहीच उरलेलं नव्हतं. सगळीकडे काचेच्या उंच इमारती होत्या. त्यामुळे त्यांचं बोलणं कुठेही अडखळत नव्हतं.

निवास मात्र होता. रंग नवा होता आणि झाडाला कठडा बांधलेला होता. व्यवस्थापिकाबाई हसतमुख होत्या. त्यांनी पाणी मागवलं, पंखा वाढवला आणि काकूला उशी असलेली खुर्ची दिली. मास्तरांनी वही उघडून टेबलावर ठेवली आणि शेजारी चेकबुक.

बाईंनी वहीतलं पान वाचलं. त्या हसल्या नाहीत, हेच वाईट लक्षण होतं. त्यांनी वही हलकेच वळवून परत मास्तरांकडे सरकवली, जणू चुकून कोणाचं खासगी पत्र हाती लागलं होतं.

"काका, ठेव आता चव्वेचाळीस लाख आहे."

मास्तर भाचीकडे वळून म्हणाले, "चव्वेचाळीस? अकरापट? ही लूट आहे!"

बाई अशा प्रसंगांना सरावलेल्या असाव्यात. "तुम्ही बोला निवांत," म्हणून त्या बाहेर गेल्या.

मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. "अकरापट दर कोण वाढवतं? माणुसकी आहे की नाही?"

काकूनं पाण्याचा पेला खाली ठेवला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "अहो, आपण त्यांचे पडदे शिवले त्या साली विजारीची शिलाई किती घ्यायचात तुम्ही?"

"पंचावन्न."

"आणि गेल्या आठवड्यात शेवटची शिवलीत ती?"

"सहाशे."

"मग हे किती पट झालं?"

"ती वेगळी गोष्ट आहे. ती कलेची किंमत आहे. लोक ओळखायला लागले मला."

"सगळ्याच शिंप्यांना ओळखायला लागले मग. कोपऱ्यावरचा तो कुबड्या सहाशेच घेतो, आणि त्याची शिवण उसवते."

भाचीनं टेबलावरचं माहितीपत्रक उलटं केलं आणि पेन काढलं. मामाला टक्के सांगून उपयोग नव्हता. टक्के ऐकले की ते खिडकीबाहेर बघायला लागत. "मामा, आपण विजारीत मोजू. तुमच्या साडेतेरा हजारांत त्या साली किती विजारींची शिलाई बसली असती?"

"दोनशे..." मास्तरांची बोटं चालली. "दोनशे पंचेचाळीस."

"आता चार लाख पाच हजारांत?"

"सहाशे पंचाहत्तर." त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे वाढल्याच की!"

"वाढल्या ना. पावणेतीनपट झाल्या. एका कंपनीवर सगळं लावून हे पदरात पडलं, म्हणजे तुमचं नशीब जोरावर होतं. पण तीसपट नाही झालं काही. तीसपट झाला तो आकडा." तिनं खाली रेघ ओढली. "आता निवास. तेव्हा चार लाख म्हणजे किती विजारी?"

मास्तरांनी बराच वेळ लावला. "सव्वासात हजार. वर थोड्या."

"आणि आज चव्वेचाळीस लाख?"

त्यांचे ओठ हलत होते, दोनदा हिशोब करून ते दोन्ही वेळा तिथेच येऊन थांबत होते. शेवटी काकूच म्हणाली, "सव्वासात हजार. वर थोड्या."

"त्यांनी दर वाढवलेलाच नाही, मामा," भाची म्हणाली. "खोली जिथल्या तिथे आहे. दोनशे पंचेचाळीस विजारी घेऊन तुम्ही सव्वासात हजारांची वाट बघत होतात."

मास्तरांनी वहीतल्या पानावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. एकतीस वर्षं ते एका जागेकडे चालत होते, आणि ती जागा त्यांच्या पुढे तेवढ्याच वेगानं चालत होती. वाटेत त्यांनी तिला अनेकदा नमस्कारही केला असेल.

घरमालकाला भाचीनं तिथूनच फोन लावला. तो अत्यंत गोड बोलला. बिल्डरशी करार झालाय, इमारत पाडायचं मशीन तीस तारखेनंतर कधीही लागेल, मास्तरांसारखा शब्दाचा पक्का माणूस त्यानं बघितलेला नाही आणि तसं त्यानं लेखी दिलेलंच आहे. भाचीनं पन्नास हजारांचं विचारलं. फोनवर इतका वेळ शांतता होती की तिनं लाईन तुटली का बघितलं. तुटली नव्हती. "मास्तरांनी नको म्हटलं ना," घरमालक म्हणाला.

"माझ्याकडे चला," भाची फोन ठेवून म्हणाली. तिघांनाही ठाऊक होतं की तिच्या दीड खोलीत सासू-सासरे, नणंद आणि एक झोपाळू कुत्रा आधीच राहत होते. काकूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू बोललीस, पोचलं."

व्यवस्थापिकाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरं माहितीपत्रक होतं. जरा पातळ, साध्या कागदावरचं.

"काका, आमची एक मासिक योजनाही आहे. ठेव नाही. दोघांचे महिन्याला छत्तीस हजार. जेवण, औषधपाणी, नर्स, सगळं त्यात. खोली मागच्या बाजूची मिळेल." त्यांनी मास्तरांच्या चेकबुककडे एक ओझरती नजर टाकली. "तुमच्याकडे चार लाख आहेत ना? म्हणजे अकरा महिने."

"आणि अकरा महिन्यांनंतर?" काकूनं विचारलं.

बाईंनी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. त्या अगदी आपुलकीनं बोलल्या. "आमचा इतक्या वर्षांचा अनुभव सांगते, काकू. बऱ्याच जणांना तेवढे पुरतात."

भाची उठून खिडकीशी गेली. बाहेर मागच्या अंगणात बाकांवर जोडपी बसली होती, उन्हात, एकमेकांशी फारसं न बोलता, आगगाडीची वेळ झाली की माणसं गप्प होतात तशी.

मास्तरांनी चेक लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं.

तीस तारखेला किल्ल्या दिल्या. एक ट्रंक, दोन वळकट्या आणि काकूचा सुयांचा डबा एवढं सामान मागच्या खोलीत मावलं. खोली खरोखर चांगली होती. जिना नव्हता. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे दोघांची तपासणी होती. निवासाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. दाराबाहेर बाकावर सात-आठ जण नंबर लावून बसले होते. एक टक्कल पडलेले आजोबा शेजारच्यांना कौतुकानं सांगत होते, "दोन नळ्या पूर्ण बंद. तिसरी पन्नास टक्के." शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमचं बरं आहे बाई. आमच्या यांची नुसती साखर." मास्तरांना ती भाषा कळेना. काकूला कळली. तिनं पदर घट्ट ओढून घेतला.

डॉक्टर तरुण आणि उत्साही होता. त्यानं मास्तरांची छाती ऐकली, पाठ ऐकली, डोळ्यांत विजेरी मारली, रक्ताचे कागद चाळले, मग काकूला तसंच सगळं केलं. हाताची थरथर त्यानं हसण्यावारी नेली. म्हणाला, शिवणकामाचा शीण, विश्रांतीनं जाईल. गुडघे? जिना गेला ना, आता तेही सुधारतील.

"काका, खरं सांगू?" त्यानं कागद मिटले आणि हात पुढे केला. "अशी प्रकृती या वयात मी बघितलेली नाही. हृदय चाळिशीतलं आहे तुमचं. काकूंचंही. पुढची वीस वर्षं अजिबात काळजी करू नका."

मास्तरांनी हात पुढे केला नाही. ते खुर्चीवर तसेच बसून राहिले. काकू उठली, तिनं नवऱ्याच्या दंडाला धरलं, हळूच उभं केलं आणि दार उघडून बाहेर आणलं.

बाकावरची सगळी माणसं वर बघू लागली. टक्कल पडलेले आजोबा सरकले आणि त्यांनी मास्तरांना बसायला जागा करून दिली.

"काय निघालं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"काहीच नाही," काकू म्हणाली. "दोघांचंही."

आजोबांनी मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अरेरे," ते म्हणाले.